पाटाच्या शेवटाकडून धरणाकडे

ओझर म्हटले की आपल्या लोकांना विमानांचा कारखाना आठवतो. आमच्या नात्यातले दोघे तिथून निवृत्त झाले. लग्नकार्ये, नामकरणे, पुण्यानुमोदन अशा निमित्ताने आम्ही ओझरला किती वेळा गेलो याची गणती नाही. परंतु या गावाला पाटाचे पाणी आहे, तो पाट इथे येऊन संपतो आणि त्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा कारभार स्वतः हाती घेतलेला आहे, हे वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. कचेरीत बसणाऱ्या माणसाचे पाणी नळापाशी सुरू होते आणि नळापाशीच संपते.

जाण्याचे कारण घडले ते आमची थोरली बहीण अक्का आणि दाजी यांच्यामुळे. त्यांची सव्वा एकर जमीन दुसऱ्या एका कालव्यावर, चारीच्या अगदी शेवटाला आहे. गावाचे व कालव्याचे नाव मुद्दाम देत नाही. त्यांना त्याच चारीवर राहायचे आहे. जमीन जुन्या वतनातली. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमीन नव्या शर्तीने दाजींच्या वडिलांच्या नावावर झाली. पुढे कालवा आला, चारी खोदली, गावात पेढे वाटले. पाणी मात्र वरच्या अंगालाच मुरले. दाजी दरवर्षी सात नंबरचा पाणीअर्ज भरत. कालव्याच्या शेजपाळीत शेवटच्या माणसाला आधी पाणी द्यायचे आणि मग वर सरकत यायचे, असा नियम आहे. नियम कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता अक्का कंदील घेऊन दारे धरायला उभी राही, आणि वर कोणीतरी चारी फोडलेली असे. पहाटे पाटकरी म्हणे, "पाणी सोडलं होतं, बाई." सोडले होते हे खरेच. पोचले नव्हते, एवढेच.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. चारीवर पाणी वापर संस्था व्हायची आहे, शेतकऱ्यांची यादी पाहून घ्यावी. दाजी थेट नाशिकला आले. म्हणाले, "भाऊ, सोसायटी म्हणजे वाड्यावरच्यांची. सही करायची का नाही तेवढं सांगा." आम्ही बी.कॉम. झालो, सोसायट्यांचे हिशेबही तपासले आहेत, पण पाण्याच्या सोसायटीत काय असते ते कुठे पाहिले होते? मग म्हटले, चला, जिथे ती चालते तिथे जाऊन पाहू. अक्काने भाकरी बांधल्या आणि जानेवारीतल्या एका रविवारी तिघे एस.टी.ने निघालो.

ओझरला बाणगंगा नदी आहे. पाणी येते ते मात्र वाघाड धरणाचे. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर हे मातीचे धरण आहे, आणि त्याच्या उजव्या कालव्याच्या शेवटाला ओझरची शिवारे आहेत. इथल्या शेतकऱ्यांचीही गोष्ट दाजींसारखीच होती. समोर पाट दिसायचा, पण तो भरलेला क्वचितच. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या शेवटच्या शेतकऱ्यांना एकत्र करायला सुरुवात केली. १९९१ च्या सुमारास तीन संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. त्या वेळी असा कायदा नव्हता. सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची आणि पाटबंधारे खात्याशी करार करायचा, एवढाच मार्ग होता.

करार काय? खाते संस्थेला चारीच्या तोंडाशी पाणी मोजून देणार. कुणाचे किती एकर, कोणते पीक, हे खात्याने पाहायचे नाही. संस्थेचा हिस्सा ठरलेला, तेवढे पाणी घ्यायचे, तेवढ्याचेच पैसे भरायचे. आत कोणाला कधी पाणी द्यायचे, पट्टी कशी गोळा करायची, चारी कोणी साफ करायची, हे संस्थेने बघायचे. ऐकायला साधे वाटते. पण यात एक मोठा फरक पडतो, तो आमच्या हिशेबी डोक्याला पटकन उमगला. पूर्वी पाणी मोजलेच जात नव्हते. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. मग वरच्याने दुप्पट घेतले तरी वहीत दिसत नसे. जे मोजले नाही त्याची चोरी सिद्ध कशी करणार?

एका कार्यकर्त्याने आम्हाला चारीच्या तोंडाशी नेले. तिथे सिमेंटचा गळा केलेला आहे. पाणी त्यातून आवळून जाते, आणि बाजूच्या पट्टीवर उंची वाचली की किती पाणी चालले ते तक्त्यावरून कळते. दाजी बराच वेळ वाकून पट्टीकडे पाहत राहिले. मग विचारले, "हे वाचायला कोण येतं?" कार्यकर्ते म्हणाले, "दोघं. खात्याचा माणूस आणि आमचा. दोघांच्या सह्या." अक्का म्हणाली, "आमच्याकडं असली पट्टी आहे, पण फुटून पाच वर्षं झाली." कार्यकर्ते हसले नाहीत. म्हणाले, "मग ताबाच घेऊ नका. आधी खात्याबरोबर चारी पायी फिरा, कुठं फुटली, कुठं गळते ते लिहून घ्या, दुरुस्ती करून घ्या, आणि मग सही. फुटकी चारी घेतली तर गळालेलं पाणी तुमच्या खात्यावर पडतं."

हे वाक्य आम्ही बसच्या तिकिटावर लिहून घेतले. ज्यांच्या गावात संस्था व्हायची असेल त्यांनीही लिहून ठेवावे.

एका संस्थेला महात्मा फुल्यांचे नाव आहे, ते उगाच नव्हे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात तलाव, बंधारे बांधण्याविषयी आणि पाटबंधारे खात्याच्या बेफिकिरीविषयीही त्यांनी लिहिले आहे. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने मोजके पाणी मिळावे असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती, आणि दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या योजनांना त्यांनी दिशा दिली. आपल्या घरांतून बाबासाहेबांचे हे काम फारसे सांगितले जात नाही. मुलांना सांगावे.

शिवारात सगळीकडे द्राक्षबागा. मांडवाखाली घड लोंबत होते आणि बाया खाली बसून काम करत होत्या. पेठ, सुरगाणा भागातल्या आदिवासी बाया हंगामाला इकडे येतात. अक्का त्यांच्यापाशी जाऊन बसली. ती कुठेही गेली की आधी बायांत जाऊन बसते. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "यांना विचारलं, पाण्याच्या मीटिंगला जाता का? तर म्हणे, आमची काय जमीन आहे?" आम्ही कार्यकर्त्यांना तोच प्रश्न केला. त्यांनी सरळ सांगितले की ज्याची लाभक्षेत्रात जमीन तोच सभासद. कायदाच तसा आहे.

इथे आम्हाला पुरंदर तालुक्यातल्या नायगावची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम वेगळा होता: पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचे. घरात जितकी माणसे त्या मानाने अर्ध्या अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस लावायचा नाही. हा नियम कायद्यात उतरला असता तर द्राक्षाच्या मांडवाखालच्या त्या बायांनाही पाण्याच्या सभेत बसता आले असते. कायद्यात तो आला नाही. ओझरच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण ही उणीव आम्हाला बोचली आणि अजून बोचते आहे.

दुपारनंतर दिंडोरीची गाडी धरली आणि तिथून प्रवासी जीपने वाघाडकडे गेलो. पाट मध्येच रस्त्याला भेटे, मध्येच टेकडीमागे जाई. रब्बीचे आवर्तन चालू होते. पाण्याचा रंग मळकट हिरवा, वर ज्वारीचे एखादे ताट तरंगत चाललेले. दाजींनी खिडकीतून बोट दाखवले, "हे आता ओझरला जाणार." वाटेतल्या शेतांवरून, गावांवरून, लोकांच्या दाराशी असलेले पाणी न थांबता शेवटच्या माणसाकडे चालले आहे, याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते. असे का होते? आम्हाला कळले ते असे. ओझरच्या तीन संस्थांचा हिस्सा लेखी ठरल्यावर त्यांना पाणी पोचवणे खात्याला भाग पडले. ते पाहून वरचेही हळूहळू संघटित झाले. अखेर या प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या आणि २००३ साली सगळ्यांचा मिळून एक प्रकल्पस्तरीय संघ झाला. काम वरून खाली आले नाही. टोकावरचे आधी उठले.

धरणाच्या भिंतीवर वारा फार होता. पलीकडे डोंगर, आदिवासी पाडे, आणि मध्ये शांत पाणी. अक्काने पायरीवर उतरून तोंड धुतले. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांना कोणत्या चारीचे पाणी मिळते, असे तिने विचारले. आम्ही गप्प राहिलो. भाकरी तिथेच सोडल्या. ठेचा होता.

जेवताना आम्ही दाजींना २००५ चा कायदा समजावला. त्याचे नाव लांबलचक: महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. आदल्या आठवड्यात कचेरीतल्या एका स्नेह्याकडून प्रत आणून वाचली होती. त्यात आमच्या कामाच्या तीन गोष्टी निघाल्या. एक, संस्थेच्या हद्दीतला प्रत्येक जमीनधारक आपोआप सभासद असतो, मग जमीन दहा गुंठे असो की दहा एकर. दोन, संचालक चारीच्या तोंडचे, मधले आणि शेवटचे असे तिन्ही भागांतून सारखे घ्यायचे, आणि त्यात महिलाही घ्यायच्या. तीन, अध्यक्षपद या तीन भागांत फिरते. म्हणजे वाड्यावरच्यांनी कितीही जोर केला तरी शेवटच्या भागाची खुर्ची शेवटच्यांचीच.

"म्हणजे सहीचा प्रश्नच नाही," आम्ही म्हणालो. "कायद्याने तुम्ही सभासद आहातच. यादीत नाव पाहिलं का?"

दाजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाले, "यादीत बाबांचं नाव आहे."

बाबांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. सातबारा अजून त्यांच्याच नावावर. तिघे भाऊ, दोन बहिणी, वारसनोंद कोणी केलीच नाही. आज करू, उद्या करू. आपल्या समाजात किती घरांत हे असे आहे! वतनाची जमीन, भोगवटादार वर्ग दोन, परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून कागदाकडे कोणी फिरकत नाही. पण कागदावर मेलेला माणूस असेल तर शेवटच्या भागाच्या मतदारांत एक मत मेलेले. अशी चार-पाच घरे असली तर आपल्या भागाच्या जागा रिकाम्या, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या घशात. पाण्याची चोरी रात्री होते. ही तर भरदिवसा होते, आणि ती आपण स्वतःच करू देतो.

अक्का इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, "बायकांची जागा आहे ना त्यात? मग त्यांच्याबरोबर माझंही नाव लावा. दारे मी धरलीत." दाजी म्हणाले, "लावू की." बहिणींच्या सह्यांचे काय ते मात्र ते बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात आम्ही रजा टाकून त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे गेलो. वारस नोंदीचा अर्ज दिला. तलाठ्यांनी बाबांच्या मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामसेवकाच्या जुन्या वहीत त्या वर्षाची पाने चिकटलेली निघाली, नाव अर्धवट वाचता येत होते. सुटी करून बघतो, सोमवारी या, असे त्यांनी सांगितले. यादीवर हरकत घ्यायला त्या वेळी बारा दिवस उरले होते. दोन्ही बहिणींना पत्रे टाकली. धाकटीचे उत्तर लगेच आले: सही करते, पण आंब्याचे झाड माझे. सोमवारी अक्का एकटीच गेली, दाजींना बाजार होता.