गुडघ्यातले वंगण

आमच्या नाशकात साठी उलटलेली चार माणसे एकत्र आली की गुडघ्यांचा विषय निघतोच. गोदाकाठच्या पायरीवर असो की लग्नाच्या मांडवात, कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "आमचे वंगण संपले हो!" आणि बाकीचे तिघे मोठ्या समाधानाने माना डोलावतात. हा 'वंगण' शब्द ज्याने प्रथम गुडघ्याला लावला त्याच्याशी माझे भांडण आहे.

वंगण म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते बैलगाडी. गाडी जितकी चालेल तितका तिचा आस झिजणार. उभी करून ठेवली तर टिकणार. मग गुडघाही उभा करून ठेवावा, हा हिशोब ओघानेच येतो. आमच्या घरी तो आला. आईला शहात्तरावे लागले त्या वर्षी एक्स-रेचा फोटो पाहून डॉक्टरांनी "गादी झिजली आहे" असे सांगितले, आणि रोज सकाळी रामकुंडापर्यंत जाऊन येणारी आई घरात बसली. दादाने हातांची खुर्ची आणली. वहिनींनी देवघर टेबलाच्या उंचीवर नेले. आजीला पाण्याचा तांब्या कोणी द्यायचा ह्यावरून नातवंडांत चढाओढ लागली. सारे प्रेमाचे! आणि सहा महिन्यांत आई खुर्चीपासून दारापर्यंत जाताना भिंत धरू लागली.

तेव्हा मी पुस्तके उघडली, आणि वाचले ते बैलगाडीच्या अगदी उलट निघाले.

गुडघ्यात हाडांची टोके जिथे भेटतात तिथे त्यांच्यावर पांढऱ्या, गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. हीच ती डॉक्टरांची गादी. थर जेमतेम काही मिलिमीटरचा, पण त्याचा संसार अजब. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. वजनाने पाहू गेल्यास बहुतेक पाणीच. त्या ओल्या, चिवट थरात पेशी राहतात त्या विरळ, सुट्या सुट्या. पांडवलेण्यांतल्या विहारांत भिक्षूंच्या खोल्या कोरल्या आहेत ना, तशा इवल्या कोठड्यांत. भिक्षू निदान भिक्षेसाठी डोंगर उतरून जात असतील. ह्या पेशींना बाहेर पडण्याची सोय नाही आणि त्यांच्या दाराशी रक्तही येत नाही. थोडेफार पोषण आपोआप झिरपते. बाकीचे काम आपल्या पावलांचे! पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातले पाणी बाहेर पडते, पाऊल उचलले की सांध्यातला रस पुन्हा आत शिरतो.

पण दाब हा नुसता वाढपी नाही. काय शिजवायचे तेही तोच सांगतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच वही असते, घरातल्या पाककृतींच्या वहीसारखी. डोळ्याच्या पेशीने कोणते पान उघडायचे आणि कूर्चेच्या पेशीने कोणते, एवढाच फरक. कूर्चेच्या पेशीची लाडकी पाने दोन : एक कोलॅजेनचे, म्हणजे चिवट धाग्यांचे, आणि दुसरे अ‍ॅग्रिकॅनचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे. ही पाने कधी उघडतात आणि कधी मिटतात, ह्यात दाबाचा मोठा हात आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अ‍ॅलन ग्रोडझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या कूर्चेच्या चकत्या दाबून पाहिल्या. त्यांचा तो निबंध १९८९ चा. चकती एकसारखी दाबून धरली तर पेशींचे बांधकाम मंदावले. तीच चकती दाबली-सोडली, दाबली-सोडली, तर वाढले. आणि ह्या दाबण्याची लय कोणती? सेकंदाला एकदा किंवा त्याहून सावकाश. सहज चालणाऱ्या माणसाचे एकेक पाऊल साधारण सेकंदाला एकदाच जमिनीला टेकते! हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आंधळ्या कोठडीतल्या पेशीला दाब कळतो कसा, हे कोडे पुढे थोडेबहुत सुटले. पेशीच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. दाब आला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि वहीची पाने हलू लागतात. 'पिएझो' नावाची अशी दारे आर्डेम पाटापुटियन ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधली. स्पर्श आणि तापमान ओळखण्याच्या रहस्याबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना डेव्हिड ज्यूलियस ह्यांच्यासह मिळाले. कूर्चेत आणखी एक दार आहे. बेताच्या दाबाला ते उघडते आणि बांधकामाचे पान काढते. जबर आघाताला मात्र पिएझो धाडकन उघडतात, कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशी मरूही शकते. मार फार झाला, सूज आली, म्हणजे पेशी वहीतले भलतेच पान काढते : स्वतःच्याच भिंती कातरणाऱ्या प्रथिनांचे.

म्हणून "पळा, पायऱ्या चढा, सगळे ठीक होईल" असे सांगणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. २०१७ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून आकडे काढले गेले. हौसेने धावणाऱ्यांत गुडघा वा खुब्याची संधिझीज शेकडा साडेतीन, बैठ्या माणसांत दहा, आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत तेरा. आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही हे खरे. पण मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचे पाय निश्चल झाले, त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत गेलेली आढळली आहे, तेही खरेच.

हे सारे मी जेवणाच्या वेळी घरात मांडले. दादा म्हणाला, "वासराच्या चकतीवरून आईला चालवणार?" प्रश्न रास्त होता. शेवटी व्यायामोपचार करणाऱ्या एक बाई आल्या. झिजलेली गादी परत येत नाही, हे त्यांनी आईला तोंडावर सांगितले. मग मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि सपाटीवर दहा मिनिटे चालायला सांगितले. पहिला आठवडा वाईट गेला. आई कण्हायची, वहिनी डोळे पुसायच्या, आणि दादा माझ्याकडे पाहायचाही नाही. दोन महिन्यांनी ती भिंत सोडून चालू लागली. दुखणे आहेच, पण रात्रीचे कमी झाले.

आता तिने वणीच्या सप्तशृंगीला जाण्याचा हट्ट धरला आहे. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तेव्हा प्रश्न नाही, असे दादाचे मत. आईला निदान थोड्या पायऱ्या चढायच्या आहेत. बर्लिनमध्ये कृत्रिम गुडघ्यांत मापकयंत्रे बसवून भार मोजला गेला आहे : सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना साडेतीन पट. मी हे आकडे वाचून दाखवले. बाईंनी निकाल दिला : पहिल्या दहा पायऱ्या, कठडा धरून, बाकी वर जाणे ट्रॉलीने, आणि उतरणे तर ट्रॉलीनेच.

आईने क्षणभर विचार केला. "पंधरा," ती म्हणाली.