कोलकात्याहून दिल्लीस
१९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीस न्यावयाचे ठरले. आमची बदलीही त्याच वाटेने झाली. कोलकात्यात निरोप घेताना शेजारी 'आशि' म्हणत, म्हणजे आपले 'येतो'च! 'जातो' हा शब्द तेथेही अशुभ. दुर्गापूजेची वर्गणी मागावयास आलेले गृहस्थ तासभर बसत. दिल्लीत पहिलाच प्रश्न, "क्वार्टर कोणत्या टाइपचे?" एवढ्यावरून हुद्दा उमगतो. आम्हांस हे रुचले नाही. परंतु सौभाग्यवती आजारी पडल्या, तेव्हा याच चौकशीखोर शेजारणीने आठ दिवस गरम फुलके पाठविले. असो. आता आमची कन्या घराबाहेर पडताना 'चलती हूँ' म्हणते. "'येते' म्हण गं!" असे तिची आई आतून सांगते, तोवर ती जिना उतरलेली असते.