२७५ पैकी १२९

पाच वर्षं मी मुलांना चुकीचा सल्ला देत होतो. "मेन्स मराठीतून लिही, पण मुलाखत इंग्रजीत दे. बोर्डासमोर बावळट दिसायचं नाही." यूपीएससीच्या मुलाखती सुरू व्हायच्या आधी मी पुण्याहून दिल्लीच्या करोल बागेत येतो आणि ओल्ड राजेंद्र नगरात एका मित्राच्या खोलीवर मराठी मुलांच्या मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती घेतो. पैसे घेत नाही, त्यामुळे मुलं मान डोलावून ऐकून घेतात. गेल्या वर्षी नांदेडच्या एका मुलीनेही ऐकून घेतलं. मग वही मिटता मिटता विचारलं, "सर, तुम्हाला इंटरव्ह्यूला किती मिळाले होते?"

"१२९."

"२७५ पैकी?"

"हो."

"आणि भाषा कोणती घेतली होती?"

खोलीत सहाजण होते. एकाने खोकल्याचं सोंग केलं. मी "इंग्रजी" म्हणालो आणि पुढच्या मुलाचा डॅफ हातात घेतला. डॅफ म्हणजे तो सविस्तर अर्ज, ज्यावर बोर्ड प्रश्न विचारतं. त्या मुलाला मी काय विचारलं ते आज आठवत नाही.

आता ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्या भागातून, म्हणजे खानापूर-आटपाडी पट्ट्यातून, निम्मी माणसं गलाईच्या धंद्याने देशभर पांगली आहेत. माझा एक मामा करोल बागेत होता. इथल्या बीडनपुऱ्यात, रैगरपुऱ्यात दागिने घडवणारे कारागीर बसतात, बहुतेक बंगाली. त्यांच्या कारखान्यांतला झाडून गोळा केलेला केर, जुने मोडीचे दागिने हे सगळं मामाकडे यायचं. भट्टी, मूस, तेजाबाचा घशात बसणारा वास. केरातून सोनं काढायचं, हा धंदा. २०१४ साली मी दिल्लीत आलो तो पहिले चार महिने मामाच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर राहिलो. त्याच उन्हाळ्यात मुखर्जी नगरात पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटच्या पेपरविरुद्ध हिंदी माध्यमाची मुलं रस्त्यावर उतरली होती. मी गेलो नाही. आपण मोर्चात जाण्याइतके या परीक्षेचे कोण लागतो, असं वाटलं.

हे 'कोण लागतो' माझ्यात मुरलेलं होतं. घरात लहानपणापासून एकच शिकवण: आपली पायरी ओळखून राहावं. वडिलांनी ती प्रेमानेच दिली. पण दिल्लीत मी ती फार पुढे नेऊन ठेवली. पहिल्यांदा प्रिलिम्स निघाली तेव्हा म्हणालो, पेपर सोपा होता. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा म्हणालो, अंदाज बरोबर लागले. (चुकलेल्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात, अंदाजाने निघणारा हा पेपर नव्हे. पण तेव्हा हे कोण ऐकतंय.) मराठीतून परीक्षा देऊन भूषण गगराणी आयएएस झाले, १९९० ची तुकडी, हे मला पाठ होतं. त्यावरही उत्तर तयार होतं: ते वेगळे. आपल्या बाजूचा पुरावा आला की तो अपवाद, विरुद्ध बाजूचा आला की तो नियम.

याला मानसशास्त्रात 'इम्पोस्टर', म्हणजे तोतया, असं नाव आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान इम्स या दोघींनी १९७८ साली अमेरिकेतल्या कर्तबगार बायकांवर एक लेख लिहिला होता. पदव्या आहेत, मान आहे, तरी या बायकांना वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडणार. त्यांनी त्याला आजार म्हटलं नव्हतं, सिंड्रोम हा शब्द नंतर चिकटला. मला तो शब्द आवडत नाही. सिंड्रोम म्हटलं की गोळी मागावीशी वाटते, आणि करोल बागेत गोळ्या विकणारे कमी नाहीत. मेट्रोतून उतरलं की पुसा रोडपासून बडा बाजार मार्गापर्यंत टॉपरांचे हसरे फोटो. तू कुठेच नाहीस, हे त्यातलं एक पोस्टर सांगतं. आमच्याकडे आलास तर असशील, हे शेजारचं.

आपण तोतया आहोत असं वाटणाऱ्या माणसाला काही मागता येत नाही, याबद्दल फार बोललं जात नाही. मी तीन वर्षं एका तळघरातल्या लायब्ररीत अभ्यास केला. जायला-यायला एकच जिना, हवा नाही. पावसाळ्यात पायरीवरून पाणी यायचं तेव्हा आम्ही पिशव्या टेबलावर ठेवायचो आणि वाचत राहायचो. आपल्याला इथं बसू देतात हेच खूप, असं वाटणारा माणूस दुसरा जिना कुठे आहे हे विचारत नाही. २७ जुलै २०२४ ला याच राजेंद्र नगरात एका कोचिंगच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. त्या रात्री पुण्यात बसून मी माझं टेबल कोणत्या कोपऱ्यात होतं ते आठवत होतो.

मुलाखतीला मी एकदाच पोचलो, २०१८ च्या वसंतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, शेजारी दुभाषी बसतो. हे मला माहीत होतं. डॅफमध्ये भाषेच्या रकान्यात मी तरीही इंग्रजी भरलं. अशिक्षित समजतील ही भीती. शहाजहान रोडच्या धोलपूर हाऊसमध्ये, कोटाच्या आत घामाने चिकटलेला शर्ट, अशा अवस्थेत बोर्डासमोर बसलो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एका सदस्यांनी माझ्या तालुक्यातल्या दुष्काळाबद्दल विचारलं. २०१२-१३ मध्ये तिकडे चारा छावण्या होत्या, त्यांचा उपयोग झाला का?

चारा छावणी! त्या वर्षी मी आणि वडील दोन म्हशी घेऊन छावणीत महिनोन्महिने राहिलो होतो. जनावराला दाखला कसा लागतो, चाऱ्याच्या वजनात काटा कुठे मारतात, रात्री माणसं जनावरांशेजारीच का झोपतात, शेणाच्या ढिगाचा हिशेब कोण ठेवतं, छावणी बंद व्हायची बातमी आली की बाजारात म्हशीचा भाव कसा कोसळतो. दहा मिनिटं बोललो असतो. आणि मी काय म्हणालो? सरकारने जनावरांना चारा दिला, शेतकऱ्यांना फायदा झाला. दोन वाक्यं. इंग्रजीत मला तेवढीच येत होती. सदस्यांनी अजून एकदा खोदून पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांचा काही दोष नव्हता. समोर बसलेल्या मुलाने छावणी पाहिलेलीच नाही, असं त्यांना वाटलं असणार.

अंतिम यादीत नाव आलं नाही. पुढचं वर्षभर मी पोटासाठी टेस्ट सिरीजच्या कॉप्या तपासल्या. करोल बागेत हे काम बहुतेक हुकलेलीच मुलं करतात. कॉपीवर नाव नसतं, नुसता कोड. मी इंग्रजी माध्यमाच्या सामान्य अध्ययनाच्या कॉप्या तपासत होतो. वाचायला इंग्रजीच लागायची, ती येत होती. पहिल्या पानावर शेवटी एक चौकट असायची: तपासणाऱ्याकडून तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे? मला वाटलं, मुलं लिहितील रचना बघा, आलेख बघा. काही तसं लिहायचेही. पण बाकीचे?

एके दिवशी एक कॉपी आली. नकाशा काढायची सवय असलेला मुलगा. त्याच्या नकाशात श्रीलंका म्हणजे एक सरळ चौकोन. हा चौकोन मी ओळखत होतो. लायब्ररीत माझ्यासमोर दोन वर्षं बसणारा, फोनवर फाडफाड इंग्रजी बोलणारा, ज्याच्याकडे बघून मी स्वतःला आटपाडीला परत पाठवत असे, तो हा. ७३ व्या घटनादुरुस्तीवरचं त्याचं उत्तर: सुरुवात झकास, मधे ग्रामसभेबद्दल एक ओळ, मग पोकळ. दहापैकी साडेतीन दिले. मग पहिल्या पानावर परत जाऊन चौकट पाहिली. बारीक अक्षरात त्याने विचारलं होतं, माझी उत्तरं वाचून मला काहीच येत नाही हे कळतं का?

त्यानंतर मी आधी चौकट वाचायला लागलो. शब्द वेगळे, प्रश्न पुष्कळदा तोच.

इथे माझी गोष्ट छान संपायला हवी होती, नाही का? सगळेच घाबरलेले आहेत हे कळलं, माझी भीती गेली. तसं झालं नाही. मी त्यातून उलटाच धडा घेतला: सगळेच लपवतात, म्हणजे नीट लपवता आलं पाहिजे. त्यातून तो सल्ला निघाला. कोटाचं शेवटचं बटण उघडं ठेव, माहीत नसेल तर हसून सॉरी म्हण, आणि मुलाखत इंग्रजीत दे. पाच वर्षांत किती जणांना हे सांगितलं त्याची यादी माझ्याकडे आहे, ती मी काढून पाहत नाही.

नांदेडच्या त्या मुलीने विचारलं त्या रात्री मात्र मी २०१८ ची माझी गुणपत्रिका काढली. निकालानंतर आयोग सगळ्यांचे गुण देतो, निवड न झालेल्यांचेही. एवढ्या वर्षांत मी एकूण बेरीज पाहिली होती, ओळी वाचल्या नव्हत्या. लेखी परीक्षेचे गुण यादीतल्या बऱ्याच जणांइतके होते. निबंध चांगला होता. मराठीतून लिहिलेल्या सातही पेपरांत मी कुठेही कुणाची फसवणूक केलेली दिसत नव्हती. पडलो होतो तो एकाच ठिकाणी, जिथे मी दुसऱ्याच कुणाचं सोंग घेऊन गेलो होतो. मग मनात आलं की तोतया असल्याची भीती इतकी वर्षं बाळगून मी तोतया झालो तो फक्त अर्ध्या तासासाठी, तोही स्वतःहून.

मामाच्या दुकानात एकदा एक बाई बांगड्या घेऊन आल्या होत्या. बावीस कॅरेट आहेत, सासूने दिल्यात, म्हणून हटून बसल्या. मामाने कसोटीवर घासलं, थेंब टाकला, म्हणाला, "अठरा." बाई चिडल्या, त्याच्या हिंदीवरही बोलल्या. मामाची हिंदी आजही माणदेशीच आहे, सातवी शिकलाय. तो शांतपणे पुन्हा म्हणाला, "अठरा है, बहनजी." त्या गेल्यावर मी विचारलं, मामा, तुम्हाला राग येत नाही? तो म्हणाला, "तिच्या मनातलं सोनं म्या कुठं तोलतुया? हातातलं तोलतुया."

पण सगळ्याच शंका खोट्या नसतात, हेही मला कबूल केलं पाहिजे. अर्थशास्त्र मला खरंच कच्चं होतं आणि तिथे मला वाटणारी भीती रास्त होती. तिने मला वाचायला बसवलं. आत्मविश्वास ठेवा म्हणणाऱ्या व्याख्यात्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. कच्च्या विषयात आत्मविश्वास ठेवून काय करायचं? चूक भीतीत नव्हती, ती मोजून न बघण्यात होती. २०२३ च्या परीक्षेला ५ लाख ९२ हजार जण प्रत्यक्ष बसले. मुलाखतीपर्यंत २,८५५ पोचले आणि निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे शेवटच्या दारातून १,८३९ जण परत आले. यातला कुणीही तिथे चुकून पोचलेला नाही. एवढ्या चुका कुठलाही आयोग करत नाही.

त्या मुलीने मुलाखत मराठीतून दिली. माझ्या सल्ल्यामुळे नाही, माझ्या १२९ मुळे. तिला १६५ मिळाले. लेखीत थोडे कमी पडले आणि यादीत नाव आलं नाही. एका मुलीच्या गुणांवरून काही सिद्ध होत नाही, आणि इंग्रजीत उत्तम मुलाखत दिलेली मराठी मुलंही मी पाहिली आहेत. ज्याला इंग्रजीत चारा छावणी सांगता येते त्याने खुशाल इंग्रजीत सांगावी.

ज्यांना मी मागच्या पाच वर्षांत उलटं सांगितलं, त्यातलं कुणी हे वाचत असेल तर माझी चूक झाली. आणि यंदा जे डॅफ भरणार आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: मुलाखतीच्या भाषेचा रकाना रात्री एकट्याने भरा, शेजारच्या टेबलाकडे बघून नको. भरण्याआधी आपल्या गावातली एक गोष्ट दोन्ही भाषांत मोठ्याने सांगून बघा.