जुन्या गळ्याला नवी साथ

गायकाचा गळा ठरलेला असतो. साथीदार त्याला पाहून निवडायचा असतो. तबलजी कितीही तयारीचा असो, तो गायकाच्या अंगावर धावून जाऊ लागला की मैफल बिघडलीच म्हणून समजा. मंगेशी, केरी, कुर्डी ही नावे घेतली की ज्यांच्या डोळ्यांपुढे दीनानाथ, केसरबाई आणि मोगूबाई उभ्या राहतात, त्या आपल्या गोवेकरांना हे वेगळे सांगायला नको. हाच नियम होम थिएटरचा रिसीव्हर घेतानाही लागू पडतो, असे मी म्हटले तर मात्र काही मंडळी हसतील. पण गेले वर्षभर मी याच उद्योगात होतो, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

बाबा बहारीनला नोकरीला होते. १९८३ साली सुट्टीवर येताना त्यांनी जर्मन बनावटीची स्पीकरची एक जोडी आणली. गल्फहून येणाऱ्याच्या सामानात तेव्हा टेपरेकॉर्डर, घोंगडी, अत्तरे असायची; बाबांच्या सामानात गुडघाभर उंचीची ही दोन लाकडी खोकी होती. आमच्या गावच्या घराच्या वसऱ्याला लागून असलेल्या खोलीत ती बसली ती कायमची. बाबा गेले, त्यांचा टर्नटेबल राहिला, स्पीकर राहिले. मागच्या चवथीच्या आधी ॲम्प्लिफायरने मात्र प्राण सोडला. ट्रान्सफॉर्मरच जळाला होता. तसा सुटा भाग आता मिळत नाही, असे दुरुस्ती करणाऱ्याने स्वच्छ सांगितले.

त्याच सुमारास आईची तक्रार वाढली होती. वय चौऱ्याऐंशी. भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर नाटक-सिनेमा लागला की तिला चित्र दिसे, संवाद कळत नसत. यात तिच्या कानांचा दोष अर्धाच. हे चपटे टीव्ही इतके बारीक झाले आहेत की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे वक्त्याने भिंतीकडे तोंड करून भाषण करावे तसे. उरलेला अर्धा भाग वयाचा. म्हातारपणी आधी जातात ते वरचे स्वर, आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती तिथेच. आवाज मोठा केला तरी शब्द उमटत नाहीत तो त्यामुळे.

तेव्हा मला हवे होते असे यंत्र, जे टीव्हीही जोडून घेईल आणि बाबांची तबकडीही वाजवील. अशा यंत्राला बाजारात एव्ही रिसीव्हर म्हणतात. दुकानदाराने माझे बोलणे पुरते ऐकलेही नाही. "जुने स्पीकर भंगारात द्या, या खोक्यात सगळं येतं," म्हणून त्याने पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर पुढे केला. पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, कशाला एवढी कटकट? साउंडबार घे नि मोकळा हो." दोघांचेही म्हणणे चुकीचे नव्हते. पण आईला विचारले तर ती एवढेच म्हणाली, "ह्यांनी आणलेले आहेत ते. वाजत असतील तर वाजू देत."

वाजत असतील तर! म्हणून सुरुवात तिथूनच केली. आपल्या दमट हवेत स्पीकरचा कागदी शंकू टिकतो. त्याच्या कडेला असलेला फोम मात्र पंधरा-वीस वर्षांत कुजून हाताला चिकटू लागतो. आमचा फोम २००९ साली बदलून घेतला होता, तो बोटाने दाबून पाहिला. शाबूत होता. आतल्या फिल्टरमधले जुने कपॅसिटर तेवढे नवे बसवून घेतले. दुकानात जाण्याआधी हे करून घ्यावे. गायकाचा घसा बसलेला असेल तर चांगला साथीदार आणून काय उपयोग?

दुसरी पायरी स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाचण्याची. आमच्या पट्टीवर लिहिले होते ४ ओहम. मल्टिमीटर लावला तर ३.४ दाखवला, ४ ओहमचा स्पीकर मीटरवर असा थोडा कमीच दिसतो. त्या काळच्या जर्मन स्पीकरांत ४ ओहम सर्रास असे. आजचे बहुतेक रिसीव्हर ६ किंवा ८ ओहम मनात धरून बांधलेले असतात. ओहम म्हणजे अडथळा. अडथळा निम्मा झाला की त्याच दाबाला विजेचा प्रवाह दुप्पट ओढला जातो, आणि यंत्र तापते. नळ तोच, पण पाइप रुंद झाला, म्हणजे टाकी लवकर रिकामी होणार, तसेच. काही रिसीव्हरांत ओहम बदलण्याची सोय असते. ती सोय यंत्राला तापू देत नाही. पण त्याबरोबर ताकदही कमी करते. म्हणून मी प्रत्येक मॉडेलचे माहितीपुस्तक उतरवून घेतले आणि पुढच्या दोन स्पीकरांना ४ ओहम चालतील असे ज्यात स्पष्ट छापले होते, तेवढीच नावे यादीत ठेवली. यादी एकदम आखूड झाली.

तिसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १३५ वॅट वगैरे आकडा असतो. खालची बारीक अक्षरे वाचली तर कळते की तो एकच चॅनल चालू ठेवून, एकाच स्वरावर, १० टक्के आवाज फाटू देऊन मोजलेला आहे. खरा आकडा शोधायचा तो दोन्ही चॅनल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, ८ ओहम, आणि फाटणे ०.१ टक्क्याच्या आत, असा. तो निम्म्यावर येतो. त्यानेही घाबरून जायचे कारण नाही. ज्या स्पीकरची क्षमता १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल आहे, त्याला ९१ डेसिबलसाठी २ वॅट लागतात, ९८ साठी १० आणि १०८ साठी १००. घरात आपण ७०-७५ च्या आसपास ऐकतो, म्हणजे बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. बाकीची ताकद पखवाजाच्या अचानक थापेसाठी राखीव. म्हणून त्याच किमतीत सात चॅनलवाला आणि पाच चॅनलवाला समोर आले, तेव्हा मी पाचवाला, वजनाने जड असलेला उचलला. वजन असते ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचे, आणि आम्हाला लागणार होते दोनच चॅनल.

दोनच का, हा खरा मुद्दा. सिनेमातले संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. बाबांच्या जोडीला शोभेल असा मधला स्पीकर आज कुठून आणणार? नवा आणला तर पात्र खोलीच्या डाव्या बाजूने उजवीकडे चालताना मध्येच त्याचा आवाज बदलणार, भजनात एकाच टाळकऱ्याचा टाळ वेगळा वाजावा तसा. उपाय साधा आहे. रिसीव्हरला सांगायचे की मधला स्पीकर नाही, सबवूफरही नाही. मग तो संवाद दोन्ही बाजूंना सारखे वाटून देतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर मधोमध, टीव्हीच्या पडद्यातून आल्यासारखे वाटतात.

हे खोटे वाटत असेल तर केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रिका लावून पाहा. ती मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तंतोतंत तेच येते. पण तुम्ही मधोमध बसलात तर बाई स्पीकरमध्ये नसतात, दोघांच्या मध्ये रिकाम्या जागी बसून गात असतात. १९७७ साली व्हॉयेजर यानातून ज्यांची भैरवी अंतराळात गेली, त्या आपल्या केरीच्या बाई गावच्या घरातल्या त्या रिकाम्या जागेत अवतरतात. दोन स्पीकर एका जातीचे, एका वयाचे असले तरच हे घडते. याला एक अट आहे. मधोमध बसावे लागते; बाजूला सरकलात की आवाजही जवळच्या स्पीकरकडे सरकतो. आम्ही आईची आरामखुर्ची मध्ये आणली, आम्ही बाजूला बसतो.

आणखी दोन सोयी पाहून घेतल्या. टर्नटेबलसाठी फोनो इनपुट. कित्येक रिसीव्हरांत ते नसतेच, मग वेगळे छोटे यंत्र घ्यावे लागते. आणि डायरेक्ट नावाचे बटन, जे दाबले की रिसीव्हरच्या सगळ्या करामती बंद होतात. या यंत्रांत सभागृह, चर्च, स्टेडियम असे कृत्रिम परिणाम भरलेले असतात. पण १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या 'मत्स्यगंधा'ची गाणी, अभिषेकीबुवांच्या चालीतली, रामदास कामत आणि आशालता यांच्या गळ्यातली, स्टेडियममध्ये कशाला ऐकायची? सिनेमाला मात्र रात्रीचा मोड उपयोगी पडला. तो हळू संवाद उचलतो आणि बॉम्बस्फोट दाबतो. त्याबरोबर वरचे स्वर थोडे वाढवले.

पहिल्या रविवारी २०१५ सालचा 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा लावला. आईने मूळ नाटक पाहिलेले. मध्यंतरापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "आतां उतरां समजतात रे." शब्द कळतात, एवढेच तिचे प्रशस्तिपत्रक. गाण्यांबद्दल ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःहून तबकडी लावायला सांगितली. बाबा गेल्यानंतर तिने हे कधी सांगितले नव्हते.

मी घेतलेल्या मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. ही नावे वर्ष-दीड वर्षात बदलतात. शिवाय तुमच्या घरातले स्पीकर माझ्या घरातल्यांसारखे असतीलच असे नाही. गल्फहून, आफ्रिकेहून, बोटीवरून आलेल्या अशा जोड्या गोव्यात अजून कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. चार जण सांगतील, फेकून द्या. फेकण्यापूर्वी एकदा खाली उतरवा, धूळ पुसा, कडेचा फोम बोटाने दाबून पाहा, पाठीवरची पट्टी वाचा. मग त्या पट्टीवरचा आकडा कागदावर लिहून दुकानात जा, आणि दुकानदार काही दाखवायच्या आत तो कागद त्याच्यापुढे ठेवा.