चुंबळ

मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि तिचा अजगर माझ्या गळ्यात पडला. अजगर म्हणजे बॉल पायथन. मूळचा आफ्रिकेतला, साडेतीन फुटांचा, बिनविषारी, आणि घाबरला की डोकं पोटाशी घेऊन गोल वेटोळं करून बसणारा. आईनं त्याला पहिल्यांदा तसं बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "ही तर चुंबळ." तेच नाव पडलं. आपल्याकडचे साप घरात पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याची परवानगी नाही. हा परदेशी, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदवलेला. त्याचा कागद मी फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे, कारण भनपुरीत चौकशी करणारे पुष्कळ.

जाताना मुलीनं एक वही दिली. उबदार बाजू 31 ते 32 अंश, थंड बाजू 25 ते 26, आर्द्रता 55 ते 60 टक्के, कात टाकायच्या सुमारास 70. तिनं ज्या पुस्तकांतून हे उतरवलं ती सगळी थंड देशांतली. पेटी गरम कशी ठेवायची यावर पानंच्या पानं : तापणारी चटई, बल्ब, थर्मोस्टॅट. खोलीच आपणहून 39 अंशांवर गेली तर काय करायचं, यावर एक ओळ नाही. रायपुरात मे महिन्यात बाहेर 44 अंश असले तर त्याची कोणी बातमीही करत नाही.

पहिली चूक मी धंद्यामुळे केली. मी लाकडाच्या व्यवसायात. आरा मशीनचा आवाज थांबला तर आम्हांला झोप मोडल्यासारखं वाटतं. भनपुरीत राहून सापाच्या पेटीत घालायला काही विकत आणायचं? मी वखारीतून पोतंभर भुसा आणला आणि पेटीत पसरला. भुशानं पेटीतला सगळा ओलावा पिऊन टाकला. मी फवारा मारायचो, अर्ध्या तासात काटा पुन्हा 20 टक्क्यांवर. हवा जितकी तापते तितकी तिची तहान वाढते. पाणी तेवढंच असलं तरी टक्केवारी घसरते. हे शाळेत शिकलो होतो, पण पेटीसमोर उभा राहीपर्यंत कळलं नव्हतं. शिवाय धूळ सापाच्या ओठांना चिकटायची, ती वेगळीच.

एप्रिलमध्ये चुंबळनं कात टाकली ती तुकड्यातुकड्यांत. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातेबरोबर निघून येतो. उजव्या डोळ्यावरचा निघालाच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, मी गाय, म्हैस, कुत्रा बघतो. चिमट्यानं ओढायचा नाही, डोळा जाईल, एवढं वहीत होतं. पुढच्या कातेबरोबर जुनाही निघतो, ओलावा नीट मिळाला तर. मुलीची परीक्षा जवळ आली होती. फोनवर मी म्हणालो, "मस्त आहे."

भुसा काढून नारळाचा काथ्या घातला. मेच्या शेवटी नौतपा लागला, आणि त्याच आठवड्यात चुंबळचा डावा डोळा निळसर, दुधाळ झाला. म्हणजे कात जवळ आली. घरात कूलर एकच, तो आईच्या खोलीत. पेटी तिथं हलवावी असं मनात आलं, पण ओल्या हवेनं आधीच तिचा दमा उठायचा. तिथं आणखी फवारे कुठे मारणार? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंधी आली आणि वीज गेली. नऊ वाजता पेटीत 38. चटई केव्हाच काढून ठेवली होती. पण थर्मोस्टॅट गरम होणं थांबवू शकतो, थंड करू शकत नाही. चुंबळ पाण्याच्या भांड्यात अंग घालून तोंड वर करून पडला होता. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. सापाला घाम येत नाही, वाऱ्याचा त्याला काय उपयोग, हेही सुचेना.

आई अंधारात दारात येऊन उभी राहिली. "आरं, मडक्यात घाल की त्याला. आमच्याकडं नाग काय काचंत ठेवत होते?"

आईचं माहेर सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. तिच्या लहानपणी नागपंचमीच्या आधी काही दिवस नाग पकडून मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचे आणि सण झाला की सोडून द्यायचे. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं ते थांबलं. आईला त्याचं दुःख नाही. "मरायचे पण. दूध पाजायचे ना बळंच. पण उन्हानं मेलेला नाग मी बघितला नाही." श्रावणात शिराळ्याला ऊन कसलं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. चेन्नईजवळ विषासाठी साप पकडणारी इरुळांची सहकारी संस्था 1978 पासून आहे. तीही साप मातीच्या मडक्यांतच ठेवते.

पिण्याच्या पाण्याचा नवा माठ तिनं स्वतःच रिकामा केला. मी तो टबात ओल्या वाळूत आडवा ठेवला, आत ओला काथ्या, बाहेरून गोणपाट. चुंबळला तोंडाशी धरलं तर तो विचार न करता आत गेला. रबरी पट्ट्यानं फडकं बांधलं, वाळूवर तासातासानं पाणी. रात्री एक वाजता खोलीत 37, माठात 30.

हा साप दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. त्याचा आफ्रिकेतला मुलूख आमच्याइतकाच तापत असेल, पण वहीतले आकडे त्या मुलखाचे नव्हतेच, बिळाचे होते. मी दोन महिने सबंध पेटीचं हवामान बदलत होतो. त्याला एक ओली, अंधारी, थंड जागा हवी होती आणि बाकीची कोरडी. वारुळाला नागपंचमीला हळदकुंकू वाहणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. (माठ कायमचा मात्र ठेवायचा नाही. पावसाळ्यात रायपूरची हवा इतकी ओली की सतत ओल्या जागेत पोटाखालचे खवले कुजतात. तेव्हा कोरडा कागद आणि पंखा. जानेवारीत रात्री 12 अंश, तेव्हा वहीतली चटई शेवटी कामाला येते.)

सहाव्या दिवशी सकाळी माठाच्या तोंडाशी सबंध कात पडली होती, उलटी, मोज्यासारखी. आईनं ती खिडकीत उजेडात धरली. तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी तीच म्हणाली, "उजवीकडं दोन आहेत बघ. एकावर एक."

मी मुलीला फोटो पाठवला आणि एप्रिलचं सगळं लिहून टाकलं. तिचं उत्तर दुपारी पेपर झाल्यावर आलं : "बाबा, मला माहीत होतं. आजीनं तेव्हाच सांगितलं होतं."

आईला विचारलं तर म्हणाली, "माझा पाण्याचा माठ कधी आणतोयस?"