बिशप ह्यूज यांची बाजू

शाळा सगळ्यांची असावी, तिथे धर्माचा संबंध येऊ नये, या मताचा मी. त्यामुळे न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज मला कायम खटकत आले. 1840 मध्ये त्यांनी सार्वजनिक शिक्षणनिधीतला वाटा कॅथलिक शाळांसाठी मागितला आणि पुढच्या वर्षी तर निवडणुकीत आपल्या पसंतीचे उमेदवारच जाहीर केले. एका धर्मगुरूने सर्वांच्या शाळेत फूट पाडली, असं मी अनेकांशी हिरिरीने वाद घालत सांगितलं आहे. आज तसं म्हणवत नाही.

मत फिरलं ते त्या शाळांत काय शिकवत होते, हे कळल्यावर. ‘पब्लिक स्कूल सोसायटी’ ही खासगी संस्था सार्वजनिक पैशावर शाळा चालवायची. तिथे बायबल वाचलं जायचं ते प्रोटेस्टंटांचं, किंग जेम्स. एका पाठ्यपुस्तकात यान हुस या सुधारकाची हकिकत होती: ‘कपटी कॅथलिकांवर’ विसंबला आणि जिवंत जाळला गेला. आयरिश मजुराच्या पोरीने हे भर वर्गात वाचायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन आईशेजारी रोझरीला बसायचं! तक्रारी वाढल्या तेव्हा सोसायटीने पुस्तकांतल्या अशा ओळींवर शाई फासली. त्या काळ्या पट्ट्याखाली काय आहे, हे शोधायला मुलांना कितीसा वेळ लागला असेल?

ह्यूज यांना हा अपमान नवा नव्हता. त्यांचा जन्म 1797 चा, आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातला. बहीण वारली तेव्हा कायद्यामुळे कॅथलिक पाद्र्याला दफनभूमीत पाऊल टाकता येईना. पाद्र्याने फाटकाबाहेरच मूठभर मातीवर प्रार्थना म्हटली. ती माती घरच्यांनी आत नेऊन तिच्या थडग्यावर टाकली. 1817 मध्ये ह्यूज अमेरिकेत आले, एमिट्सबर्गच्या सेमिनरीत माळीकाम केलं, तिथेच शिकून 1826 मध्ये पाद्री झाले. शाळांच्या निधीसाठी नगर परिषदेपुढे ते तासन्‌तास बोलले ते या पार्श्वभूमीवर. मागणी फेटाळली गेली.

1842 च्या कायद्याने सोसायटीची मक्तेदारी मोडली आणि शाळांची देखरेख लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे गेली. पंथीय शिक्षणाला मात्र पैसा नाही, असंही त्यात ठरलं. कॅथलिक शाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. ह्यूज यांनी मग गरीब स्थलांतरितांच्या वर्गणीतून आपल्या शाळा उभारल्या.

सगळ्याच बाबतीत माझं मत बदललेलं नाही. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या चळवळीला ह्यूज यांनी विरोध केला. फाटकाबाहेर थांबवलेल्या पाद्र्याची आठवण जन्मभर जपणाऱ्या माणसाने साखळदंडातल्या माणसांची बाजू घेऊ नये, हे मला आजही सहन होत नाही.

शाळा सर्वांची हवी, हा माझा आग्रह कायम आहे. 1840 च्या न्यूयॉर्कमध्ये तशी शाळा नव्हतीच, आणि ते भर सभेत सांगणारा बिशप बरोबर होता.