उकललेलें वेटोळें

माझा धाकटा बंधु पुण्यास क्लाउड-अभियंता आहे. क्लाउड म्हणजे आकाशांतील ढग नव्हे; दूरच्या इमारतींत अहोरात्र चालणारे, भाड्यानें मिळणारे संगणक. त्यांची निगा राखणें हें त्याचें काम.

दहावीच्या वर्षीं त्यास स्फटिक-रेडिओचा नाद लागला होता. तांब्याच्या तारेचें वेटोळें, एक डायोड, ईअरफोन आणि गच्चीवर ताणलेली तार, एवढेंच साहित्य. बॅटरी नाहीं कीं वीज नाहीं. ध्वनिलहरींस लागणारी शक्ति खुद्द रेडिओलहरींतूनच मिळे व आकाशवाणी ऐकूं येई! “अभ्यास सोडून हे कसले खेळ?” असें म्हणून मीं तें वेटोळें उकलून टाकलें. तो कांहींच बोलला नाहीं.

गेल्या नाताळच्या सुटींत मी त्याजकडे गेलों. टेबलावर रास्पबेरी पाय नांवाचा तळहाताएवढा संगणक होता, आणि शेजारीं पुन्हां तसलेंच वेटोळें! मी खजील झालों. तो हंसून म्हणाला, “दादा, आमचे बहुतेक संगणक ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, ती १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्यानें छंद म्हणूनच आरंभिली.” मग त्यानें ईअरफोन माझ्या कानाशीं धरला. क्षीण पण स्पष्ट सूर आला.

विद्यार्थिमित्रहो, अभ्यास चुकवूं नका, हें मी शिक्षक या नात्यानें सांगणारच. परंतु पालकहो, मुलाचें वेटोळें उकलण्यापूर्वीं एकदां त्याचा ईअरफोन कानाशीं धरून पाहा. मला तें सुचावयास पंचवीस वर्षें लागलीं.